तांड्यावरून कॉलेजात : नववी ते बारावीच्या पोरांचा ताई-दादा कसं व्हायचं

दोन वर्षांपूर्वीचा जुलै. धारूरकडच्या एका तांड्यावरची पोरगी, बारावी सायन्स, सीईटीला, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेला, चांगला पर्सेंटाइल, अभियांत्रिकीच्या यादीत नाव लागलेलं. कागद तपासणाऱ्या टेबलावर विचारलं, "व्हॅलिडिटी?" तिनं जातीचा दाखला पुढं केला. चांगला लॅमिनेशन करून ठेवलेला. तिच्या हिशोबानं दाखला म्हणजेच व्हॅलिडिटी; खरं तर तो दाखला पडताळून मिळणारं ते वेगळं वैधता प्रमाणपत्र. पडताळणीसाठी अर्ज केल्याची नुसती पावती असती तरी मुदत मिळाली असती, पण अर्जच केलेला नव्हता. राखीव जागा गेली, खुल्या जागेची फी झेपणारी नव्हती. आज ती तालुक्याला बीए करते. अकरावीतच हा कागद काढायला घ्यायचा असतो, हे सांगणारं माणूस तिला दोन वर्षं उशिरा भेटलं. ते माणूस म्हणजे मी.

तेव्हापासून आम्ही सात जण नववी ते बारावीच्या पोरांना कॉलेजपर्यंत सोबत करायचं काम करतो. सगळे छत्रपती संभाजीनगरला शिकणारे, सगळे बीड-जालन्याकडचे, आणि एक सोडला तर सगळे घरातले पहिलेच कॉलेजात आलेले. हा लेख तुमच्यासाठी, म्हणजे आत्ता एफवाय, एसवाय किंवा डिप्लोमाला असलेल्यांसाठी. तुम्ही टॉपर असायची गरज नाही. उलट ज्याचा एखादा फॉर्म चुकलाय, ज्याची शिष्यवृत्ती एकदा अडकलीय, तो या कामाला जास्त लायक. सुरुवातीला आम्ही स्वतःला 'मेंटॉर' म्हणत होतो. दोन रविवारांत तो शब्द गळून पडला आणि ताई-दादा उरलं.

घरात विचारायला कुणी का नसतं, त्याला थोडा इतिहास आहे. निजामाच्या राज्यात १९२३ साली औरंगाबादला इंटरमिजिएट कॉलेज निघालं, शिकवणं उर्दूत, आणि पुढची पदवी घ्यायला हैदराबाद गाठावं लागे. बाबासाहेबांनी १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज इथं काढलं, तेच आजचं मिलिंद. मराठवाडा विद्यापीठ आलं १९५८ ला. म्हणजे आपल्याकडं कॉलेज हातात आलं तेव्हा आपले आजोबा कामाला लागलेले होते. पुण्याच्या पोराला जे जेवताना काकाकडून कळतं, ते आपल्या पोराला टेबलावरचा कारकून सांगतो, आणि तोवर तारीख गेलेली असते.

माणसं आणि शाळा

एका ताई-दादामागं तीन पोरं. चार घेतली की कुणाचं तरी कागदपत्र मागं पडतं, हे आम्ही करून पाहिलंय. गट एकाच तालुक्यातल्यांचा करा, कारण शनिवारी एसटीनं गावाकडं जाणारच असता. वाटेतली शाळा धरा. एनएसएसला असाल तर प्रोग्राम ऑफिसरशी बोला. वर्षाचे १२० तास भरायचे असतातच, ते झाडांच्या खड्ड्यांऐवजी इथं भरले तरी चालतात का ते विचारा. नव्या अभ्यासक्रमात कम्युनिटी एंगेजमेंटचे क्रेडिट आहेत, तिथंही हे काम बसवता येतं. आमच्या दोघांनी बसवलं.

शाळेत बॅनर घेऊन जाऊ नका. मुख्याध्यापकांना एक पानी अर्ज द्या: कोण, कुठल्या कॉलेजचे, आठवड्यातून किती वेळ, काय करणार. कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्राची झेरॉक्स जोडा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पाच मिनिटं मिळाली तर पालकांना तिथंच तोंड दाखवून घ्या.

पोरं कुठली घ्यायची, यावर आमच्यात भांडण झालं होतं. सर लोक पहिले तीन नंबर पुढं करतात. ती पोरं कशीही जातील. आम्ही सरांना विचारतो, "डोकं आहे पण दिवाळीनंतर दिसत नाही, असं कोण?" त्यावर सर थोडा वेळ गप्प बसतात, मग चार नावं सांगतात. ती चार दोघांत वाटून घ्यायची. त्यात निम्म्या पोरी असल्याच पाहिजेत, नाहीतर तुमच्याकडं आपोआप पोरंच जमतील.

ही सगळी लेकरं अठराच्या आतली आहेत, तेव्हा काही नियम पहिल्याच दिवशी घालून घ्या. भेट शाळेत नाहीतर ओट्यावर, उघड्यावर. कायम दोघं जण मिळून, त्यातली एक ताई. पोरीच्या फोनवर परस्पर मेसेज नाही. गट करायचा आणि त्यात तिची आई किंवा भाऊ असू द्यायचा. फोटो स्टेटसला नाहीत. आणि एखाद्या लेकरानं कुणी त्रास दिल्याचं सांगितलं तर ते पोटात ठेवायचं नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं ते कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर प्रत्येकाच्या वहीत मागच्या पानावर लिहून द्या.

पहिले दोन महिने : काय व्हायचंय हे विचारू नका

विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. डॉक्टर, पोलीस, तलाठी. पोरगं तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगतं, कारण त्यानं पाहिलेल्या पगारदार माणसांची यादी तेवढीच आहे. त्यापेक्षा काल दिवसभर काय केलं ते विचारा. कोण पाणी भरतं, कोण म्हशी बघतं, मोबाइल कुणाकडं असतो, अभ्यास कुठं बसून होतो. या उत्तरांवरच पुढचं सगळं बेतायचं आहे.

मग एक दिवस त्यांना कॉलेज दाखवायला आणा. शाळेची परवानगी, पालकांची सही, सोबत एक शिक्षक. आम्ही विद्यापीठाचा परिसर आणि नागसेनवन, म्हणजे मिलिंदचा परिसर, दाखवतो. सभागृहात बसवून स्वागत वगैरे टाळा. लेक्चर चालू असलेल्या वर्गाच्या मागच्या बाकावर वीस मिनिटं बसवा, मेसमध्ये जेवू घाला, होस्टेलची खोली उघडून दाखवा. नववीतला एक पोरगा लायब्ररीच्या दारातच थांबला. मी म्हटलं, चल की. तो हळूच म्हणाला, "ताई, इथं कुणीबी येऊन बसलं तर चालतंय का?" त्याला वाटत होतं की आत जायला पैसे पडतात. तो दारात थांबला होता ती जागा मी आता प्रत्येक बॅचला दाखवते आणि म्हणते, इथून आत जायला कुणाला विचारायचं नाही.

कागदांची फाईल

हा भाग नीट वाचा. बाकी सगळं चुकलं तरी सावरता येतं, हे नाही.

प्रत्येक पोराला एक प्लास्टिकची फाईल घेऊन द्या आणि झाकणाच्या आतून कागदांची यादी चिकटवा. मूळ कागद लॅमिनेट करू नका; काही टेबलांवर मागचे शिक्के बघतात.

सुरुवात शाळेच्या जनरल रजिस्टरपासून. नववीतच मुख्याध्यापकांकडून प्रवेश-निर्गम उतारा बघायला घ्या. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख आणि जातीचा रकाना. कुठं नुसतं 'हिंदू' लिहिलेलं असतं, कुठं बापाच्या दाखल्यावर लमाण आणि पोराच्या रजिस्टरला बंजारा. चूक असेल तर दुरुस्तीचा प्रस्ताव शाळेतून शिक्षणाधिकाऱ्यांकडं जातो, आणि तो दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरायच्या आत मार्गी लागला पाहिजे. एकदा गुणपत्रिका छापली, शाळा सुटली, की तेच काम दहापट अवघड. आधारवरचं इंग्रजी स्पेलिंग शाळेच्या स्पेलिंगशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या.

दुसरं, बँक खातं. पोराच्या स्वतःच्या नावावर आणि आधारशी जोडलेलं. इथं माझाच पाय घसरला होता. माझी पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती मंजूर झाली, महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, हिरवं दिसत होतं, पैसे मात्र येईनात. चार चकरांनंतर कळलं की आधार जोडलेलं होतं ते पाचवीत शाळेनं उघडून दिलेल्या शून्य शिलकीच्या खात्याला, आणि ते खातं कधीच झोपलेलं. फॉर्ममध्ये तुम्ही कुठलंही खातं लिहा, पैसे आधारला जे खातं जोडलंय तिथंच जातात. म्हणून बँकेत जाऊन 'खातं चालू आहे का' एवढंच विचारू नका, 'आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे' हे विचारा.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. त्याआधी तलाठ्याचा अहवाल. तलाठ्याचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात तो तलाठीच. एका वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो, त्यामुळं जानेवारीत हौसेनं काढलेला जूनमध्ये रद्दी होतो. एप्रिल-मेमध्ये काढा. इतर मागास, भटके-विमुक्त, विशेष मागास आणि मराठा आरक्षणातून जाणाऱ्यांना नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे 'प्रगत गटातले नाही' असं प्रमाणपत्रही, लागतं. अनुसूचित जाती-जमातींना ते लागत नाही, तरी सेवा केंद्रावर काही ठिकाणी काढायला लावतात आणि पैसे घेतात. वय-अधिवासाचा दाखला एकदाच काढायचा, तो मोकळ्या महिन्यात उरकून टाका.

आता जात. दाखला उपविभागीय अधिकारी देतात, वैधता जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. ही दोन वेगळी कार्यालयं, दोन वेगळे कागद. एवढं एक वाक्य पोराला पाठ करून द्या. दोन्हीसाठी वडिलांकडच्या बाजूचा जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबा शाळेत गेले असतील तर त्यांच्या शाळेचा उतारा सगळ्यात बळकट. मराठवाड्यात गंमत अशी की तो कागद सापडला तरी उर्दूत निघतो, कधी मोडीत. आमच्या गटातल्या एकाचं गाव जुन्या दप्तरात सापडलं, पण वाचणार कोण? शेवटी शहरातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकानं आजोबांचं नाव वाचून दाखवलं आणि त्या पोराला जे हसू फुटलं ते बघण्यासारखं होतं. नुसतं वाचून भागत नाही, अधिकृत भाषांतर जोडावं लागतं. त्याला वेळ लागतो, तो धरून चाला.

आजोबा शाळेतच गेले नसतील तर? बहुतेक घरांत तेच असतं. मग वंशावळ काढायला बसा. हे काम घरच्या आजीला घेऊन करा. पुरुषांना तीन पिढ्यांपलीकडं आठवत नाही. चुलत आजोबा, चुलत चुलते, आत्या, यांतलं कुणी शिकलंय का, कुणाची वैधता आधीच झालीय का. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाचं वैधता प्रमाणपत्र मिळालं तर अर्धं काम झालं. भावकीत बोलणं बंद असेल तर तुम्ही मधे पडून झेरॉक्स मागा. तुम्हाला नाही म्हणायला त्यांना जड जातं. बौद्ध घरांत आजोबांच्या कागदावर एक नोंद आणि नातवाच्या कागदावर दुसरी असते, कारण मधे १९५६ चं धर्मांतर झालेलं असतं. ही तफावत गडबड नाही, समितीला ती ठाऊक असते. अर्जात सरळ लिहायची आणि शपथपत्र जोडायचं.

वैधतेचा अर्ज अकरावीला प्रवेश झाला की लगेच, कॉलेजच्या पत्रासह ऑनलाइन. त्याची पावती फाईलमध्ये पहिल्या पानावर.

आणि एक खाच. नीट, जेईई किंवा केंद्रीय विद्यापीठाचा फॉर्म असेल तर केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं. बंजारा पोरगं राज्यात विमुक्त जातीत असतं आणि केंद्राच्या यादीत ओबीसीत. फॉर्मवर प्रवर्ग विचारला की ते बावचळतं. आधीच सांगून ठेवा.

दसऱ्याच्या आत

बीड, जालना, परभणीच्या बऱ्याच गावांत वर्ष जूनला नाही, दसऱ्याला पालटतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यावर जातात, मार्च-एप्रिलमध्ये परततात. दहावी-बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे बरोब्बर मधे. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ पैसे, घेताना नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. घरात सोळा वर्षांचा पोरगा असला की मुकादम म्हणतो, "त्याचा अर्धा कोयता धरू की." एकदा त्या अर्ध्या कोयत्याची उचल घरात आली, खर्च झाली, की तुमचं कुठलंच बोलणं चालत नाही. म्हणून बोलायचं गणपतीत.

तेव्हा तीनच प्रश्न विचारायचे. यंदा कोण जाणार? मागं कोण राहणार? लेकरू जेवणार कुठं? खरी अडचण तिसऱ्याची असते. आजी असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर पर्याय शोधायचे: समाजकल्याणचं वसतिगृह, ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठीचं संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह, धाकट्यांसाठी गावातलं हंगामी वसतिगृह. अर्ज जुलै-ऑगस्टमध्येच भरून ठेवा. "शिक्षण महत्त्वाचं आहे मामा," असं सांगायला जाऊ नका. मामांना ते तुमच्यापेक्षा जास्त कळतं, हात त्यांचे सोललेत. त्यांना वसतिगृहाच्या वॉर्डनचा नंबर आणि पहिल्या महिन्याचा हिशोब द्या.

तरीही काही पोरं जातातच. त्यांना तोडू नका. फोन बापाकडं असतो, गाडी भरायची वेळ रात्री-अपरात्री येते, तेव्हा दिवसा फोन लागत नाही म्हणून रागावायचं कारण नाही. आम्ही कुठल्या दिवशी, साधारण किती वाजता, हे जायच्या आधीच ठरवतो. पीडीएफ पाठवून उपयोग नाही, रेंज नसते आणि रिचार्ज संपलेला असतो. छापील प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा करून द्यायचा. कोपीत, म्हणजे उसाच्या फडावरच्या झोपडीत, दिव्याखाली दहावीच्या भूमितीची सहा प्रकरणं सोडवून आणलेली वही मी पाहिलीय, पानांवर उसाच्या रसाचे डाग.

पोरींच्या घरी

पोरींच्या बाबतीत दहावीच्या निकालाआधीच लग्नसराई येते. इथं पोरींच्या आईशी बोलायचं काम ताईनंच करावं, सांजच्याला, कामं उरकल्यावर, चुलीजवळ बसून. बापाशी नंतर. आई पहिल्यांदा विचारते, "पोरीला ठेवायची कुठं?" त्याला 'होस्टेल असतं मावशी' हे उत्तर नाही. कुठलं होस्टेल, गेट किती वाजता बंद होतं, बाई कोण आहे, एसटी किती वाजता, हे सांगा. जमलं तर आईलाच एकदा घेऊन जा. आमच्याकडं दोन आया पाहून आल्या आणि परत आल्यावर त्यांनीच तिसरीला समजावलं.

येण्याजाण्याचा खर्च हा बहाणा असेल तर तोही मोडतो. बारावीपर्यंत पोरींना एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला पास मोफत आहे, आणि अनेक तालुक्यांत मानव विकासच्या निळ्या बस चालतात. अठराच्या आत लग्न ठरल्याचं कळलं तर गावात ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ आहेच. मात्र फोन करण्याआधी पोरीशी बोला. तिचं नाव फुटलं तर पुढचे सहा महिने तिला गावात काढायचे आहेत, तुम्हाला नाही.

दहावीनंतर : लातूरला जायचं का?

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. लातूर पॅटर्ननं मराठवाड्याला डॉक्टर-इंजिनिअर दिले, यात वाद नाही. पण दोन वर्षांचा क्लास, खोली आणि मेस हा खर्च कर्ज काढून करायचा असेल तर आधी पोरानं नववी-दहावीचं गणित स्वतःच्या डोक्यानं सोडवलंय का ते बघा. कॉपीच्या केंद्रावरून मिळालेले ऐंशी टक्के लातूरला दोन महिन्यांत उघडे पडतात, आणि पोरगं लाजेनं घरी सांगत नाही. मी सरळ एक जुनी प्रश्नपत्रिका समोर ठेवते, तीन तास घड्याळ लावते. मार्क फक्त त्यालाच दाखवते.

पॉलिटेक्निकला आपल्याकडं अजून कमी लेखतात, ते मला पटत नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, मग थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. मधे पैसे संपले तरी हातात नोकरी मिळण्याजोगं काहीतरी असतं. आयटीआयचंही तसंच. एक-दोन विषय राहिले तर जून-जुलैमधली पुरवणी परीक्षा आणि एटीकेटी आहे. नापास म्हणजे कोयता, असं नाही.

अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झालेत. दहापर्यंत पसंतीक्रम देता येतात, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडता. त्यामुळं पहिल्या क्रमांकावर मित्राचं नव्हे, स्वतःला जाता येईल ते कॉलेज. कॉलेजात नाव आणि क्लासला गाव, असला प्रकार कुणी सुचवला तर प्रयोगशाळा खरंच चालते का ते चौकशी करून मगच बोला.

बारावी आणि सीईटी

अभ्यास शिकवायच्या भानगडीत फार पडू नका, शिक्षक आहेत. तुम्ही परीक्षेची रीत शिकवा. एमएचटी-सीईटीत साधारण वीस टक्के भाग अकरावीचा, ऐंशी टक्के बारावीचा. गणिताला प्रश्नामागं दोन मार्क, बाकी विषयांना एक, आणि चुकलं तरी मार्क कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा. तिथं ठोकताळे महागात पडतात. दोन्ही परीक्षा देणारं पोरगं हे लक्षात ठेवत नाही आणि दोन्हीकडं सारखंच वागतं.

सीईटी संगणकावर असते. ऐकायला साधं, पण ज्या पोरीनं कधी माऊस धरलेला नाही तिची पहिली दहा मिनिटं कर्सर शोधण्यात जातात. गावातल्या सेवा केंद्रात किंवा शाळेच्या लॅबमध्ये दोन-तीन वेळा तासभर बसवा. केंद्र लांब असेल तर आदल्या रात्री कुठं उतरायचं तेही ठरवून ठेवा. तुमची होस्टेलची खोली नाहीतर एखाद्या मैत्रिणीचं घर कामाला येतं.

डॉक्टर-इंजिनिअरच्या पलीकडची दारंही उघडून दाखवा. परभणीचं कृषी विद्यापीठ सीईटीतून, तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं संकुल, संभाजीनगरला राष्ट्रीय विधी विद्यापीठ. काम करत शिकायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. नववीपासून ज्याला माहीत असतं तो यांचा फॉर्म भरतो, बाकीच्यांना बातमी निकालानंतर कळते.

निकालानंतरचे दिवस

मे ते ऑगस्ट तुमची सुट्टी विसरा. या काळात पोराला तुमची गरज चार वर्षांत सर्वाधिक असते. बाकी सगळं फोनवर चालेल, पण ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म, समोर बसून भरायचा. आधी कागदावर. ज्या कॉलेजात खरंच जायचंय त्या क्रमानं लिहायचं, मागच्या वर्षीचा कटऑफ बघून भीतीनं खालची कॉलेजं वर चढवायची नाहीत. पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाचा पर्याय मिळाला तर जागा तिथंच गोठते, तेव्हा पहिला पर्याय हौसेखातर नको. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क माफीच्या जागा, म्हणजे टीएफडब्ल्यूएस, त्याच कॉलेजात वेगळ्या कोडनं असतात. ते कोड यादीत वर घाला. सेवा केंद्रातला माणूस घाईत ते सोडून देतो.

लॉगिनचा पासवर्ड आणि ओटीपीचा फोन पोराकडंच राहिला पाहिजे. केंद्रचालकाच्या नंबरवर नोंदलेला फॉर्म नंतर उघडत नाही, आणि 'मॅनेजमेंटमधून करून देतो' म्हणणारे एजंट याच दिवसांत गावात चहा पाजत फिरतात.

पैशाचं थोडक्यात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध पोरांना शासकीय वसतिगृह मिळालं नाही तर राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी स्वाधार योजना आहे. रक्कम गावानुसार कमी-जास्त, मुंबई-पुण्याला वर्षाला ६० हजारांपर्यंत. आदिवासींना स्वयम, इतर मागास आणि भटक्यांना सावित्रीबाई फुले आधार योजना. खुल्या गटातल्या गरीब घरांना राजर्षी शाहू शिष्यवृत्ती, आणि अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी गटांतल्या आठ लाखांच्या आतल्या पोरींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, प्रवेश केंद्रीय फेरीतून असेल तर. घरी हे सांगताना 'सगळं फुकट' म्हणू नका. मेस आणि खोली उरतेच, आणि शिष्यवृत्ती हातात पडेपर्यंत पहिलं सत्र संपत आलेलं असतं. पहिल्या चार महिन्यांचा खर्च वेगळा लिहून दाखवा. आठवीतली धाकटी भावंडं घरात दिसली तर एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म भरायला लावा. वर्षाला बारा हजार, बारावीपर्यंत.

प्रवेश झाल्यावर

बहुतेक गट इथं थांबतात. आम्हीही पहिल्या वर्षी थांबलो होतो आणि त्यातला एक पोरगा सप्टेंबरात सामान घेऊन गावी परतला. कारण विचारलं तर म्हणाला, सर इंग्रजीत काय बोलतात ते कळत नाही आणि विचारलं की मागचे हसतात. पहिल्या सहामाहीत दर आठवड्याला एक फोन, आणि महिन्यातून एकदा त्याच्या मेसमध्ये बसून जेवण. महाडीबीटीचा फॉर्म भरला का, बोनाफाईड काढलं का, कमवा-शिकाला नाव दिलं का. दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीचं नूतनीकरण करायचं असतं, ते निम्मी पोरं विसरतात.

आणखी एक गोष्ट, जी आम्हाला कुणी सांगितली नव्हती. दिवाळीला मेस बंद होते, होस्टेल रिकामं होतं, सगळे घरी जातात. ऊसतोडीच्या घरातल्या पोराचं घर तेव्हा कुलूपबंद असतं, आईबाप कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात फडावर. तो कुणाला सांगत नाही, 'रूमवरच अभ्यास करतो' म्हणतो आणि पाच दिवस वडापाववर काढतो. दसऱ्याला त्याला विचारा, दिवाळीला कुठं आहेस. गेल्या वर्षी आमच्या घरी तिघं होते. आईनं करंज्यांचं पीठ दुप्पट मळलं आणि मोठ्यानं म्हणाली, पुढच्या वर्षी आधी सांगत जा, रवा कमी पडला.